घर आणि घरपण: मांडणीवरची धूळ

प्रश्न: आमचं घर रस्त्यालगत, दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये भिंतभर पुस्तकांची उघडी मांडणी आहे. रोज सकाळी झटकते, तरी संध्याकाळी फळीवर बोटाची रेघ उमटते. काचेची दारं बसवायचा खर्च झेपणार नाही. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: दारं नकोत, आधी ते झटकणं थांबवा. कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झटकणीने धूळ निघत नाही, फक्त उडते. जाड कण काही मिनिटांत खाली येतात, पण अगदी बारीक कण तासन्‌तास तरंगतात आणि पंख्याखाली घरभर फिरून पुन्हा त्याच फळ्यांवर बसतात.

दुसरी गडबड वेळेची. तुम्ही नऊला मांडणी पुसता आणि कामाच्या मावशी अकराला केरसुणीने केर काढतात, तर तुमची मेहनत दोन तासांची. केर काढून झाला की तासभर जाऊ द्या, मग मांडणी पुसा. फरशी आधी ओल्या फडक्याने पुसून घेता आली तर फारच छान. पंधरा दिवसांतून एकदा मोठी सफाई कराल तेव्हा मात्र वरून खाली या: आधी पंखा, मग मांडणी, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते.

फडकं मायक्रोफायबरचं घ्या. ओलं करून इतकं पिळा की थेंब गळता कामा नये. चौपदरी घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. दर फळीला बाजू बदला आणि एकाच दिशेने पुसत या, मागेपुढे घासू नका. हे फडकं धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसला की धूळ धरणं बंद होतं. फळ्या प्लायच्या किंवा एमडीएफच्या असतील तर कडांना पाणी लागू देऊ नका, कडा फुगतात.

पुस्तकांना ओलं फडकं अजिबात नको. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि मऊ, दोन इंची रंगाच्या ब्रशने वरची कड पुठ्ठ्याच्या कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडा. हे काम गॅलरीत करावं, हॉलमध्ये नव्हे. पुस्तकं फळीच्या पुढच्या कडेशी ओढून लावा. पुढे मोकळी पट्टी उरली नाही तर धूळ बसायला जागा कमी, आणि मागे दोन-तीन सेंटिमीटर पोकळी राहिल्याने पावसाळ्यात हवा खेळते. वरच्या फळीच्या कडेला आतून पाचेक सेंटिमीटर रुंदीची रेक्झिनची पट्टी चिकटवून खाली लोंबू दिली, तर पुस्तकांच्या डोक्यावर येणारी धूळ बरीच अडते. स्वस्त आणि फार उपयोगी गोष्ट आहे ही.

आता धूळ आत येते कुठून ते शोधा. वारा सुटलेल्या दुपारी पंखे बंद करून पेटती उदबत्ती (पडद्यापासून लांब) दार-खिडक्यांच्या फटींजवळ धरा. धूर जिथे आत वळतो ती फट. दाराखालच्या फटीला ब्रशची किंवा रबराची पट्टी लावा. सरकत्या खिडकीच्या चौकटीत लवदार पट्टी असते. ती दबून सपाट झाली की उपयोग संपला, पण ती बदलून मिळते. खालच्या पन्हळीतली छिद्रं मात्र बुजवू नका, पावसाचं पाणी त्यातूनच बाहेर जातं. मच्छरजाळी महिन्यातून एकदा धुवा.

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडणीवर धुळीचा चिकट थर बसतो. साबणानेही निघत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फोडणी-तळणीचा तेलकट धूर भांड्यांवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि दिवस गेले की तेल वाळून डिंकासारखं घट्ट होतं. लिटरभर गरम पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घाला, त्यात भिजवलेलं फडकं थरावर दहा मिनिटं पसरून ठेवा, मग पुसा. तरीही राहिलं तर तीन चमचे खायचा सोडा आणि चमचाभर पाण्याचा लेप लावा. तारेची घासणी नको. तिचे चरे पडले की पुढचं तेल त्यांतच रुतून बसतं. शेवटी दोनदा साध्या पाण्याने पुसून कोरडं करा, साबण राहिला तरी धूळ धरते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नका, काळी पडतात.

एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या आधी दोन मिनिटं लावा आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवा. त्याच्या शेजारची खिडकी बंद, समोरच्या बाजूची उघडी. शेजारची उघडी असेल तर फॅन तिथूनच हवा ओढतो आणि धूर ओट्यावरच घुटमळतो. बरण्या एका काठाच्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे ट्रे उचलला की फळी मोकळी. रोज न लागणारी भांडी पालथी घाला.

प्रश्न: फळ्यांवर चकाकीचा स्प्रे मारला तर धूळ कमी बसते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: तेलकट स्प्रे असेल तर उलट जास्त चिकटते. सनमायकाला ओलसर फडकं पुरतं.

प्रश्न: मांडणीच्या माथ्यावर वर्तमानपत्र अंथरावं की प्लास्टिक? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: वर्तमानपत्र, आणि दर दोन महिन्यांनी बदलावं. काढताना धूळ आत राहील अशी घडी घालून उचला. तुमच्याकडच्या पावसात प्लास्टिकखाली दमट राहून लाकडाला बुरशी येते. कागदही जून ते सप्टेंबर काढूनच ठेवा, ओलसर कागदाला कसर लवकर लागते.