आधी कॅलेंडर, मग मोटरहोम

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मी ब्रिटिश नागरिक आहे. नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय आहे आणि त्याला आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळालेला आहे. मुलगी नऊ वर्षांची, इयर फोरमध्ये, मुलगा सहाचा. घर वर्षभर भाड्याने देऊन मोटरहोम घ्यायची आणि युरोप फिरायचा असं चाललंय. एक गाडी पसंतही पडली आहे, सहा जणांना झोपता येईल अशी. सासूसासरे म्हणताहेत की आम्हीही भारतातून येऊन महिनाभर तुमच्याबरोबर फिरू. बयाणा देण्याआधी काय काय तपासावं?

उत्तर : बयाणा सध्या खिशातच राहू द्या. मोटरहोमवाल्यांची सुरुवात नेहमी गाडीपासून होते, कारण गाड्या बघत हिंडण्यात मजा असते आणि फॉर्म वाचण्यात नसते. पण तुमचं वर्ष तीन गोष्टींवर ठरणार आहे: शेंगेनचे (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले) दिवस, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा अर्ज आणि मुलीच्या सेकंडरी (इयर सेव्हनपासूनच्या) शाळेचा अर्ज. कोणती गाडी घ्यायची हे त्यानंतर.

शेंगेन देशांमध्ये कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे दिवस सगळ्या देशांचे मिळून मोजतात. फ्रान्समधून स्पेनमध्ये गेलात म्हणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही धरतात. क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून त्यात आल्या, त्यामुळे ‘तिकडे जाऊन दिवस काढू’ हा जुन्या लोकांचा सल्ला आता चालत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे. शिक्क्याची तारीख पुसट आली म्हणून सुटलो, हे दिवस गेले.

तुम्हाला आणि मुलांना (त्यांचेही पासपोर्ट ब्रिटिश आहेत असं धरून चालते) व्हिसा लागणार नाही, नवऱ्याला लागेल. व्हिसावर तारखा वर्षभराच्या दिसल्या तरी राहण्याचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात, तेच खरे. तो आकडा ४५ असेल तर अख्ख्या कुटुंबाचा युरोप ४५ दिवसांचाच.

९० दिवस मिळाले असं धरून हिशेब मांडू. १ एप्रिलला आत गेलात तर २९ जूनला ९० दिवस भरतात. पुन्हा पूर्ण ९० दिवसांसाठी आत जाता येईल ते २८ सप्टेंबरला, आणि ते दिवस संपतील २६ डिसेंबरला. मधले तीन महिने कुठे काढायचे? माझं मत स्पष्ट आहे: ब्रिटनमध्येच. बाल्कन, तुर्कस्तान, मोरोक्को ही नावं नकाशावर छान दिसतात, पण नवऱ्यासाठी प्रत्येक देशाचे व्हिसाचे नियम वेगळे. उलट जुलै ते सप्टेंबर स्कॉटलंड आणि वेल्समध्ये घालवलेत तर गाडीचं एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, करून घेता येतं (ते परदेशात होत नाही), डॉक्टरकडची औषधं मिळतात, साठलेली टपालं बघता येतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला उन्हाळ्यात मिजेस नावाची बारीक चिलटं जीव नकोसा करतात, तेवढी खिडक्यांची जाळी आधी धड आहे ना बघा.

आता नागरिकत्व. पत्रात उल्लेख नाही, पण नवऱ्याच्या मनात ते असेल तर हा मुद्दा सगळ्यात महाग पडू शकतो. ब्रिटिश नागरिकाचा जोडीदार म्हणून अर्ज करताना मागच्या तीन वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस २७० च्या आत लागतात, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० च्या आत. वर मांडलेल्या बेतात साधारण १८० दिवस बाहेर जातात. म्हणजे परत आल्या आल्या अर्ज करता येणार नाही, साधारण सहा महिने तरी थांबावं लागेल. शिवाय अर्ज पोचल्याच्या दिवसापासून मागे मोजून बरोबर तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी माणूस ब्रिटनमध्ये हजर असावा लागतो. ही अट मराठी घरांमध्ये फार जणांना माहीत नसते. नेमका तो दिवस भारतातल्या लग्नात गेलेला निघतो.

मग निघण्याआधीच अर्ज करावा का? करू शकता, पण एक गुंता लक्षात घ्या. ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं, आणि शेंगेनचा व्हिसा असतो भारतीय पासपोर्टावर. शपथविधी ब्रिटनमधल्या तीन महिन्यांत आला आणि नवा पासपोर्ट २८ सप्टेंबरच्या आत हातात पडला तर उत्तम, नाहीतर शरद ऋतूतला प्रवास पुढे ढकलायची तयारी ठेवा. भारतीय पासपोर्ट सोडायचा की नाही हा प्रश्न मात्र तुमच्या घरातला आहे, त्यात मी पडत नाही.

शाळेचं वेळापत्रक सांगतं की जायचं तर याच वर्षी. इंग्लंडमध्ये सेकंडरीचा अर्ज इयर सिक्सच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो आणि प्रवेशासाठी घराचा पत्ता अनेकदा निर्णायक ठरतो. या एप्रिलमध्ये निघालात तर मुलगी सप्टेंबरमध्ये इयर फाइव्हला जाईल आणि अर्जाच्या आधी तुम्ही स्वतःच्या घरात परत असाल. बेत वर्षभर लांबवलात तर ती तारीख नेमकी प्रवासात येईल, आणि तेव्हा तुमच्या पत्त्यावर भाडेकरू राहत असतील. घरी शिकवणार असल्याचं मुख्याध्यापकांना लेखी कळवावं लागतं. त्यानंतर दोन्ही मुलांची नावं पटावरून निघतात आणि परतल्यावर त्याच शाळेत जागा असेलच असं नाही.

घर भाड्याने देण्याआधी गृहकर्ज देणाऱ्यांची परवानगी घ्या. गाडीच्या विमा कंपनीला साफ शब्दांत सांगा की घर भाड्याने दिलंय आणि आम्ही गाडीतच राहणार आहोत. साधी मोटरहोम पॉलिसी सुट्टीपुरती असते. युरोपातले दिवसही तिच्यात मोजून दिलेले असतात. ही गोष्ट दडवली आणि अपघात झाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. पत्र येण्याजोगा भरवशाचा पत्ताही लागेल. बहिणीचा किंवा मित्राचा पत्ता देणार असाल तर टपाल उघडून फोटो पाठवणारं माणूस त्या घरात आहे का, ते आधी बघा.

आता ती पसंत पडलेली गाडी. ब्रिटनमधली कार टेस्ट १ जानेवारी १९९७ला किंवा त्यानंतर पास झालेल्यांना सर्वसाधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच मोटरहोम चालवता येते. त्यापुढे सी-वन परवाना लागतो. हे वजन रिकाम्या गाडीचं नसतं, माणसं, पाणी, सामान सगळं धरून असतं. समजा ब्रोशरमध्ये ३,०२० किलो लिहिलंय. उरले ४८०. चालक बहुधा ७५ किलोचा धरलेला असतो, म्हणून तुम्ही आणि मुलं मिळून ११५ वजा करा. बाहेरची कनात ३०, सायकली आणि त्यांचा स्टँड ६०, दुसरी बॅटरी २५, सोलर पॅनल २०. टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, पण ब्रोशरमध्ये कित्येकदा जेमतेम २० लिटर धरलेलं असतं, म्हणून आणखी ८० वजा. उरले १५०. त्यात चौघांचे वर्षभराचे कपडे, भांडी, पुस्तकं, खुर्च्या, शिधा. आणि खरी मेख पुढेच आहे: कारखान्याला लिहिलेल्या वजनात पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. ३,०२० चे पाच टक्के १५१. म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या हाती शून्य उरू शकतं.

म्हणून बयाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगा. एकूण वजन आणि मागच्या आसाचं वजन, दोन्ही वेगवेगळी घ्या. सायकली मागे टांगल्या की आधी मागचा आसच मर्यादा ओलांडतो. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा. शिवाय बेड सहा म्हणजे सीटबेल्ट सहा असं नसतं. कित्येक सहा बेडच्या गाड्यांत बेल्टच्या जागा चारच असतात.

राहण्याच्या तपशिलांत फार जात नाही, ते आठवड्याभरात अंगवळणी पडतात. गॅस मात्र प्रोपेन घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो आणि डिसेंबरच्या सकाळी चहाही होत नाही. ब्रिटिश सिलिंडर युरोपात बदलून मिळेल या भरवशावर राहू नका, भरून घेता येणारी टाकी बसवा. कुकर लावताना छताचा झरोका उघडा ठेवा, नाहीतर सगळी वाफ गाद्यांखाली जाऊन बुरशी धरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मुक्कामाला फ्रान्समधल्या आणि जर्मनीतल्या मोटरहोमसाठी राखलेल्या जागा सोयीच्या. क्रोएशियात मात्र कॅम्पसाइट सोडून कुठेही रात्र काढू नका, दंड होतो. आणि तुपाचा डबा घरीच ठेवा: ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

हे सगळं पाहिल्यावरही उत्साह टिकला तर तशीच गाडी एक आठवडा भाड्याने घ्या, तीही फेब्रुवारीत, पावसात. उन्हाळ्यातल्या ट्रायलवरून काहीच कळत नाही. टॉयलेटची कॅसेट साधारण १७ ते २० लिटरची असते आणि चौघांत दोन दिवसांत भरते. ती कोण रिकामी करणार हे त्या आठवड्यातच ठरू द्या.

राहिले सासूसासरे. चार बेल्टच्या गाडीत त्यांना बसवून नेता येणार नाही, आणि पासष्टीच्या माणसांना शिडीवरून वरच्या बेडवर चढवण्यात अर्थ नाही. ते जुलै-ऑगस्टमध्ये आले तर तुम्ही ब्रिटनमध्येच असाल, त्यामुळे शेंगेनचा व्हिसा लागणार नाही, ब्रिटनचा पुरेल. केबिन भाड्याने मिळतात अशा कॅम्पसाइट निवडा, त्यांना केबिनमध्ये ठेवा, शेजारी गाडी लावा, आणि एका जागी दहा-दहा दिवस राहा. एका साइटवरून दुसरीकडे ते ट्रेनने येतील. सासूबाईंना हे आत्ताच फोन करून सांगा, कारण भारतात एव्हाना अर्ध्या नात्यागोत्याला कळलं असेल की त्या गाडीत राहून युरोप फिरणार आहेत.