चुंबकाशिवाय एनएमआर महाविद्यालयाच्या कामाचे आहे का?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रकांचे संकेत टिपून संयुगाची रचना ओळखण्याची पद्धत) यंत्र नसल्याने नमुने बाहेरगावी पाठवावे लागतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरच चालणारे, सहज हलवता येणारे यंत्र असते, असे वाचले. त्याने आमची गरज भागेल का?

उत्तर : संयुगाची रचना ठरवण्याची गरज त्याने भागणार नाही, मात्र एनएमआर म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर याहून चांगले साधन मला माहीत नाही.

खानदेशात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४४ मायक्रोटेस्ला आहे, त्यामुळे प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाची, डोलण्याची वारंवारता १,८७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाला ऐकू येईल अशी असते. अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळून, त्याचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवून, त्यातून काही सेकंद काही अँपिअर प्रवाह सोडतात आणि मग तो झटकन तोडतात. त्याबरोबर प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलू लागतात आणि तेच वेटोळे त्यांचा क्षीण संकेत टिपते. पॅकार्ड आणि व्हॅरिअन यांनी ही रीत १९५४ मध्ये मांडली. संकेत वाढवून स्पीकरला जोडला, की हळूहळू विरत जाणारा सूर वर्गातल्या सगळ्यांना ऐकू येतो.

अडचण केमिकल शिफ्टची, म्हणजे रेणूतील जागेनुसार प्रोटॉनच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकाची आहे, कारण हर्ट्झमध्ये तो क्षेत्राच्या प्रमाणात घटतो. एथेनॉलमधील मिथाइल (CH₃) आणि मिथिलीन (CH₂) या गटांच्या वर्णपटातील रेषांत इथे हर्ट्झच्या दोनशेव्या भागाइतकेही अंतर उरत नाही आणि दोन्ही मिळून एकच रेषा दिसते. जे-कपलिंग, म्हणजे बंधांमार्फत शेजारच्या केंद्रकांचा एकमेकांवर होणारा व रेषा दुभंगवणारा परिणाम, मात्र क्षेत्रावर अवलंबून नसतो. त्यामुळे प्रोटॉनचा फॉस्फरस किंवा फ्लोरिन यांच्याशी असलेला संबंध स्वच्छ दिसतो. ट्रायमिथाइल फॉस्फेटची रेषा सुमारे ११ हर्ट्झ अंतराने दुभंगलेली मिळते. आपल्या नेहमीच्या कार्बनी नमुन्यांत असे अणू क्वचितच असतात.

जागेचाही विचार करावा लागेल. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असल्याने त्याच्याजवळ क्षेत्र असमान होते आणि संकेत लवकर मरतो. तापीकाठच्या खोल गाळाची जमीन त्या मानाने बरी. लोखंडी खाटा, सळ्या घातलेला स्लॅब, बोअरचे पाइप यांपासून दूर जावे. विजेच्या ५० हर्ट्झच्या पटी थेट आपल्या संकेताच्या वारंवारता-पट्ट्यात येत असल्याने शेतीपंपांचा पुरवठा बंद असताना मोजणी केलेली उत्तम.

नमुने तपासणे हाच हेतू असेल, तर स्थायी चुंबकाच्या, ६० ते १०० मेगाहर्ट्झच्या, मेजावर मावणाऱ्या यंत्राची चौकशी करावी. मोठ्या यंत्रांच्या अतिवाहक चुंबकांप्रमाणे त्याला थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागत नाही. अध्यापनासाठी पृथ्वीक्षेत्राचे यंत्र घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच आवारात ट्रायमिथाइल फॉस्फेटची दुभंगलेली रेषा काढून दाखवायला सांगावे.