घरी भरलेलं काडतूस झाडल्यावर रायफलचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) अडकला, वॉरंटी मिळेल का?
दादा, खानापूरकडे रानडुकरांचा त्रास मोठा आहे, पण ती रायफल आता झाडू नका. आवाज दबका आला असेल तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढच्या बाराला नळी फुटेल. बोल्टवर हातोडीही नको. बेळगावात परवानाधारक गनस्मिथकडूनच (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच) उघडून घ्या आणि झाडलेल्या काडतुसाची पुंगळी (रिकामं कवच) जपून ठेवा. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) चपटा, बुडावर चकाकता ठसा दिसला तर दाब जास्त झालाय. बुडाच्या जरा वर गोल चीर असेल तर पुंगळी पुन्हापुन्हा भरून थकलीय, नाहीतर चेंबरचं (नळीत काडतूस बसतं त्या जागेचं) माप चुकलंय. माप चुकलेलं निघालं तर कंपनीशी बोलायला जागा आहे. एरवी घरच्या काडतुसाचं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. आणि विनापरवाना काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, उरलेली वापरू नका.