आईचं ऑपरेशन नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरीदादांचं पत्र आहे. आई ७१ वर्षांची, वजन १०४ किलो, उंची पाच फूट, शुगर जुनी, अंगणात दोन चकरा मारल्या की धाप लागते. नागपूरच्या एका खासगी डॉक्टरांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलंय, खर्च साडेतीन लाख. आईच्या नावावरचं दोन एकर विकून १२ लाख आलेत. दादांचा प्रश्न : 'सरकारी कार्डावर ऑपरेशन होते का, की पैसे भरा लागतील?'

त्याचं उत्तर देतो, पण पत्राच्या तळाशी जाता जाता लिहिलेली ओळ आधी. त्या १२ लाखांतले २ लाख बँकेतल्या साहेबांनी 'एफडीपेक्षा चांगल्या' योजनेत टाकले. 'एकदाच भरा लागते म्हने'. दादा, तुम्ही फोटो पाठवलेल्या विमा पॉलिसीच्या पानावर स्वच्छ छापलंय : हप्ता वार्षिक, हप्ते भरण्याची मुदत १२ वर्षं. त्याच पानावर तुमचा व्यवसाय 'व्यापार' आणि उत्पन्न १० लाख दाखवलंय! कापूस-तुरीतून खर्च जाता अडीच लाख उरतात, असं तुम्हीच लिहिता. त्यातले दोन लाख दरवर्षी कुठून भरणार?

एकूण भरायचे २४ लाख, विसाव्या वर्षी मिळणार म्हणे ४० लाख. हिशेब केला तर व्याज पडतं जेमतेम साडेतीन टक्के. पोस्टातली पाच वर्षांची ठेव याच्या दुप्पट देते. आणि हा आयुर्विमा आहे. आईच्या दवाखान्याला त्यातून एक रुपयाही मिळणार नाही. वर पैसा आईचा, पॉलिसी तुमच्या नावावर. उद्या बहिणींनी विचारलं तर?

पॉलिसीचं पाकीट हातात पडून १७ दिवस झालेत, हे बरं. पाकीट मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज बँकेच्या साहेबांकडे नको, ते 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत दिवस घालवतील. थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या, ईमेलही करा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार.

आता ऑपरेशन. आई सत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं 'वय वंदना' कार्ड मिळतं. आधार घेऊन काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, जुनी शुगर असली तरी पहिल्या दिवसापासून. पण कार्ड दाखवलं की सगळं फुकट, असं नसतं. योजना ठरलेल्या पॅकेजचेच (म्हणजे यादीतल्या उपचारांचे, ठरलेल्या दराने) पैसे देते, तेही योजनेतल्या दवाखान्यात आणि आधी मंजुरी घेऊन. म्हणून आरोग्यमित्राकडून (दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस) या ऑपरेशनच्या पॅकेजचा कोड लिहून घ्या, योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर खात्री करा. 'होऊन जाईल, काळजी नका करू' एवढ्यावर आईला भरती करू नका.

या वयात ऑपरेशन झेपेल का, हे दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारा. तो माझा प्रांत नाही. माझा प्रांत नंतरच्या खर्चाचा. या ऑपरेशननंतर जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालतात. सुट्टी झाल्यावर पंधरा दिवसांपुढची औषधं योजना देत नाही. नागपूरच्या फेऱ्या वेगळ्याच.

समजा कार्डावर जमलं नाही आणि साडेतीन लाख खिशातून गेले. पॉलिसीचे पैसे परत आले असतील तर साडेआठ उरतात. दीड लाख औषधपाण्याला बचत खात्यात, सात लाख आईच्या नावाने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला चौदा हजारांवर व्याज. गोळ्या त्यातून भागतील.

साहेब आता आईसाठी आरोग्य विमाही काढा म्हणतात, 'शुगर लिहू नका' असंही सांगतात. खासगी विम्यात जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि शुगर लपवलेली सापडली की दावा गेला, हप्ताही गेला. त्या फॉर्मवर आईचा अंगठा घेऊ नका.