कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत व्हिटॅमिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ६२. रोज रात्री अॅटोरव्हास्टॅटिन १० घेतो. हृदयासाठी जोडीला ई व्हिटॅमिन सुरू करू का? (सातारा)

उत्तर : नको. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत वीस हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई, सी आणि बीटा-कॅरोटीन दिलं होतं. २००२ साली निष्कर्ष आले, तेव्हा हृदयविकार काही कमी झालेला नव्हता. त्याच अभ्यासात स्टॅटिनचा, म्हणजे तुमच्या गोळीच्याच जातीच्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचा, फायदा मात्र स्पष्ट दिसला.

प्रश्न : रोसुव्हास्टॅटिन सुरू झाल्यापासून मांड्या-पोटऱ्या दुखतात. मेडिकलवाल्याने कोक्यूटेन (पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा घटक) आणि डी-३ (डी व्हिटॅमिन) दिलं. घेऊ का? (महिला, ५४, जळगाव)

उत्तर : आधी दुखणं गोळीचंच आहे का ते बघू. दोन्ही मांड्या सारख्याच भरून येत असतील, तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. एकच गुडघा ठणकत असेल, तर बिचाऱ्या गोळीला दोष कशाला? डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडसाठी), डी व्हिटॅमिन आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते कळायला) तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं, स्नायूही दुखतात. मग उपचार थायरॉइडचा करायचा.

डी कमी निघालं तर हाडांसाठी ते जरूर भरून काढा. पण त्याने स्टॅटिनचं स्नायूदुखणं टळत नाही, हे २०२२ साली मोठ्या चाचणीत दिसलं आहे. आणि ६० हजार युनिटचं पाकीट बहुधा आठवड्याला एक असतं. रोज दुधातून घेणारे रुग्ण येतात. रक्तातलं कॅल्शियम चढून किडनीवर बेततं.

स्टॅटिनने रक्तातलं कोक्यूटेन घटतं हे खरं. ते पोटात घेऊन दुखणं थांबतं का, यावर चाचण्यांचं एकमत नाही, आणि बाटली महाग. त्यापेक्षा डोस कमी करून किंवा स्टॅटिन बदलून पुष्कळांचं भागतं. ते डॉक्टरांवर सोडा, गोळी परस्पर बंद करू नका. लघवी कोलासारखी काळपट झाली आणि अंगातलं बळ गेलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून ‘रेड यीस्ट राइस’च्या कॅप्सूल पाठवल्यात. नैसर्गिक आहेत, गोळीसोबत चालतील? (पुणे)

उत्तर : अजिबात नाही. त्यातलं मोनाकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, आणि त्याचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं. तुम्ही नकळत दोन स्टॅटिन घ्याल.

प्रश्न : यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि सोबत स्टॅटिन चालू आहे. तळपायाला मुंग्या येतात. शाकाहारी आहोत. (नाशिक)

उत्तर : यांचं बी-१२ तपासा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने ते कमी होतं, त्यात शाकाहार. मुंग्या दिसल्या की सगळे साखरेला धरतात आणि ही तपासणी राहूनच जाते. कमी निघालं तर बी-१२ घ्यायलाच हवं; स्टॅटिनशी त्याचं वाकडं नाही.