सॉफ्टवेअर प्रकल्पाची वेबसाइट साधी ठेवावी की देखणी करावी?

तुमच्या टूलच्या साइटबद्दल तुम्ही हे विचारलंत. तुमचं टूल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या तक्त्यांच्या) फायलींमधल्या चुका शोधतं, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून चालतं, आणि साइट साधी दिसली तर कुणी ढुंकूनही बघणार नाही असं तुमचे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. साइट साधीच ठेवा आणि अ‍ॅनिमेशनवर जाणारा वेळ मजकुरावर घाला.

एसक्यूलाइटची साइट उघडून बघा. अँड्रॉइड असो वा आयफोन, हा डेटाबेस आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. पण मुखपृष्ठावर काय आहे? हे नेमकं काय ते सांगणारा मजकूर, ताजी आवृत्ती आणि तिची तारीख, डाउनलोडची आणि डॉक्युमेंटेशनची लिंक. त्या साइटवरचं मला सगळ्यात आवडणारं पान म्हणजे एसक्यूलाइट कुठे वापरावं आणि कुठे वापरू नये हे सांगणारं. एकाच वेळी पुष्कळ जण लिहिणार असतील, किंवा नेटवर्कवरून अनेक मशीन्स एकाच डेटाबेसला हात घालणार असतील, तर क्लायंट-सर्व्हर डेटाबेस (वेगळ्या सर्व्हरवर चालणारा, ज्याला बाकीचे प्रोग्रॅम जोडले जातात असा) बघा, असं ते स्वतःच सांगतात. हे वाचलं की त्यांच्या बाकीच्या दाव्यांवरही विश्वास बसतो. रंगीत ग्रेडियंट कितीही टाकले तरी हा विश्वास मिळत नाही.

दिसण्याला किंमतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. थ्री.जेएस ही ब्राउझरमध्ये थ्रीडी ग्राफिक्स दाखवणारी लायब्ररी. तिच्या मुखपृष्ठावर तिच्यातून घडलेल्या प्रकल्पांची चित्रंच चित्रं आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे देखणेपणा हाच पुरावा. तुमचा पुरावा मोजक्या ओळींचा आहे: बिघडलेली फाइल, चालवलेली कमांड आणि टूलने दाखवलेली चूक. तो पहिल्याच स्क्रीनवर येऊ द्या, आणि टेक्स्ट म्हणूनच. टर्मिनलचं जीआयएफ, म्हणजे हलतं चित्र, टाकायचा मोह होईल, पण त्यातली कमांड कॉपी करता येत नाही, हवी ती ओळ यायची वाट बघत बसावं लागतं, आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला त्यातलं काहीच वाचता येत नाही.

टायपोग्राफी, मोकळी जागा, रंग यांवर जरूर मेहनत घ्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५:१ ठेवा, फिकट करड्यावर करडं लिहायची जी फॅशन आहे, ती मला अजिबात आवडत नाही. लांब कमांड फोनवर चौकटीबाहेर जाते का, तेही बघा.

तुम्ही डोळ्यांसमोर ठेवावा असा खरा नमुना म्हणजे शेलचेक. शेल स्क्रिप्टमधल्या (टर्मिनलच्या कमांड एकत्र लिहिलेल्या फाइलमधल्या) चुका दाखवणारं हे टूल तुमच्याच जातकुळीचं. त्याच्या साइटवर स्क्रिप्ट पेस्ट करायची सोय आहे. काही इन्स्टॉल न करता टूल काय करतं ते तिथेच कळतं. शिवाय प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाचं विकीवर वेगळं पान. एससी२०८६ (SC2086) हा क्रमांक शोधा: व्हेरिएबलला दुहेरी अवतरणचिन्हं नसली की येणारा इशारा. पानावर आधी चुकीचा कोड, मग बरोबर कोड, मग कारण, आणि हा इशारा कधी दुर्लक्षिला तरी चालतो तेही. लोक अडतात तेव्हा एरर सर्चमध्ये टाकतात आणि थेट अशा पानावर येऊन पडतात. मुखपृष्ठ त्यांच्या नजरेलाही पडत नाही.

तेव्हा तुमच्या टूलच्या प्रत्येक एररला क्रमांक द्या, टर्मिनलवर एररसोबतच त्या पानाची लिंक छापा, आणि मुखपृष्ठावर सीएसव्ही पेस्ट करायची चौकट ठेवा. तपासणी ब्राउझरमध्येच होऊ द्या आणि तसं चौकटीशेजारी ठळक लिहा. लोकांच्या सीएसव्हीत पगार असतात, रुग्णांची नावं असतात. ती तुमच्या सर्व्हरवर जाणार असतील तर कुणी पेस्ट करणार नाही, आणि करूही नये.