एमएफएचा प्रकल्प आधी ठरवून यावं का?

अगं, तुझा प्रश्न गुरुवारीच वाचला होता. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंही होतं. आज बाहेर बर्फ आहे, मुलगा झोपलाय, म्हणून बसलेच. तू विचारलंयस की जे.जे.तून प्रिंटमेकिंग (छापचित्रकला) झालंय, अमेरिकेत एमएफएला, म्हणजे कलेच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळतोय, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार; तर पूर्ण कोर्सभर पुरेल असा एकच मोठा प्रकल्प निघण्याआधीच पक्का करावा का? आणि जाता जाता, तिकडे एकटं वाटतं का?

व्हिसा, फी, आठवड्याला २० तासांचं काम हे तुला विद्यापीठ सांगेलच. मी दोनच गोष्टी सांगते. असिस्टंटशिप (विद्यापीठातलंच पगारी काम) आणि फीमाफी नसेल तर येऊ नकोस, कॉलेज कितीही नावाजलेलं असो. चित्रकलेच्या पदवीनंतर इथे कामाला १२ महिने मिळतात. इंजिनियरांना वरचे २४ मिळतात तसे आपल्याला नाहीत. कर्ज त्या वर्षात फिटत नाही. दुसरं, तुझ्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला नोकरी करता येत नाही. माझा नवरा तीन वर्षं घरी होता. पोळ्या उत्तम करतो आता. त्या तीन वर्षांबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

कागदपत्रांचं म्हणशील तर माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. ट्रान्स्क्रिप्टचं सीलबंद पाकीट मिळायला सात हेलपाटे, आणि आठव्यांदा पाकिटावर माझं नाव चुकीचं. नाव बदलल्याचं गॅझेट आताच काढून ठेव. इथे आल्यावर वेगळीच गंमत. शाळेतल्या बाई विचारतात, तुमचं आणि मुलाचं मधलं नाव एकच कसं? नवऱ्याचं नाव आहे ते, असं सांगितलं तर म्हणाल्या, मग नवऱ्याचं मधलं नाव वेगळं का? बस समजावत.

आता प्रकल्प. मी आले तेव्हा माझा पक्का होता, चोवीस कामांची यादी सुद्धा टाइप केलेली. विषय मळवलीचा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तुला माहीतच असेल. त्या छापील लक्ष्म्या आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यात होत्या. मी त्याच लक्ष्मीला लिथोवर, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापत, पुन्हा चोवीस तऱ्हांनी करणार होते. पहिल्या क्रिटला (काम सगळ्यांपुढे मांडायचं, त्यावर चर्चा) सगळे गप्प, मग 'किती समृद्ध', 'किती रंग'. दुसऱ्या क्रिटलाही तेच. मला आधी फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की माझ्याशी कोणी भांडतच नाहीये. शेजारच्या पोराच्या गंजक्या ट्रकच्या एचिंगवर (धातूची प्लेट ऍसिडने कोरून छापलेल्या चित्रावर) दीड तास कडाक्याचा वाद झाला, रेष का मेली, ऍसिडमध्ये प्लेट जास्त का राहिली. माझ्या लक्ष्मीचा हात शरीरशास्त्राच्या दृष्टीने सरळसरळ चुकला होता, ते कोणी बोललं नाही. त्यांना वाटलं, तिकडे तसाच काढत असतील.

म्हणून माझं म्हणणं असं की विषय आणू नकोस, सवय आण. छापचित्रकार झरिना हाश्मींचा जन्म १९३७ चा. घर या एका गोष्टीवरचा त्यांचा ३६ वुडकटांचा (लाकडात कोरून छापलेल्या चित्रांचा) संच १९९९ मधला, एकेका चित्रात एक उर्दू शब्द. बासष्टाव्या वर्षी! आणि तू प्रवेश-अर्जाच्या पाचशे शब्दांत बसवायला निघालीस.

माझी सवय दगड घासायची होती. इथल्या शॉपमध्ये जर्मनीतल्या झोलेनहोफेनचे जुने लिथो दगड होते. नवीन विद्यार्थ्याला आधी घासायलाच लावतात. पाणी, कार्बोरंडमची पूड, वर मुठीची जड लोखंडी तबकडी, आणि इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवत राहायचं. पूड आधी जाड, ८० नंबरची, मग बारीक होत १५०, मग २२०. मधून मधून पट्टीखाली कागदाचे कपटे ठेवून दगड सपाट आहे का बघायचं. घाई केलीस तर आधीच्या कुणाचं तरी चित्र छापताना भुतासारखं वर येतं. चित्र चरबीच्या खडूने काढतात, ती चरबी दगडात मुरलेली असते.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा. रात्री त्याला बरोबर नेत असे. ऍसिडच्या खोलीत मुलांना मनाई, म्हणून बाहेरच्या टेबलावर बसायचा. एकदा एक लहान दगड आणि ग्रीसचा क्रेयॉन दिला, म्हटलं बाराखडी गिरव. मोठी पाटीच ती. छापलं तर अर्थात सगळं उलटं आलं. एक 'ळ' तेवढा उलटा होऊनही बराचसा 'ळ'च दिसत होता. आणि तेव्हा नेमका 'ळ'च त्याच्या तोंडातून हरवत चालला होता. शाला. केलं. सगलं. मी दर आठवड्याला तोच दगड घासायचे, तो लिहायचा, मी छापायचे. आधीची अक्षरं पुरती जाणार नाहीत इतकंच घासायचे. लक्ष्म्या कधी बाजूला पडल्या कळलं नाही. हाच थिसिस झाला, ७१ प्रिंट्स. समिती भांडली, पदवी मिळाली.

शाळेचं सांगायचं राहिलं. दाखल करताना एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता. नवरा म्हणाला, इंग्रजी लिही. मी म्हटलं, खोटं कशाला? ठसक्यात मराठी लिहिलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोर, पण नव्या जागी तोंडी चाचणीत गप्प राहिलं. मग दोन वर्षं रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत, ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याबरोबर. मी तीन पत्रं लिहिली. उत्तरं फार गोड आली. तू काय लिहावंस हे मला आजही सांगता येत नाही.

तर प्रदर्शनाच्या दिवशी त्याच्या वर्गातल्या दोघी आपापल्या आयांबरोबर आल्या होत्या. अक्षरं उलटी आहेत हे त्या दालनात फक्त आम्हा तिघांना कळत होतं. मी ती मुद्दामच उलटी ठेवली होती, त्यावर निवेदनात पानभर लिहिलंही होतं. तो भिंतीपुढे उभा राहिला आणि हळूच इंग्रजीत म्हणाला, "आई, सगळं उलटं लावलंयस. लोकांना वाटेल मला लिहिता येत नाही."

त्याला मी विचारलंच नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाला काय विचारायचं, असंच वाटलं होतं. त्यानंतर त्याने दगडाला हात लावला नाही. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देतो. आता सतरा वर्षांचा आहे. ते सगळे प्रिंट्स माझ्या पलंगाखाली सपाट खोक्यात आहेत. गेल्या वर्षी एका गॅलरीने मागितले, तेव्हा त्याला विचारलं. म्हणाला, "बघू." हा शब्द मात्र मराठीत. अजून बघतोच आहे, मीही परत विचारलं नाही.

एकटेपणाचं म्हणशील तर वाटतं. पहिल्या फेब्रुवारीत जास्त. पुढे कामात कळत नाही.

आणि हो, शाई, कागद, कार्बोरंडम काही आणू नकोस, सगळं इथे मिळतं. आईच्या चार-पाच धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आण. प्लेट पुसायला तसं कापड इथे विकत मिळत नाही.